माझ्याकडची पट्टी

मॅडम, ओवी आत्ताच झोपलीय. तिची दाढ येतेय, त्यामुळे किती वेळ झोपेल काही सांगता येत नाही, म्हणून मी भरभर लिहिते. अक्षर गिचमिड आलं तर तुम्ही बोलायचात तेच समजा, समोरच्याला वाचता आलं म्हणजे झालं. उद्या सोमवार. उद्या अकराच्या तासाला मला तुमच्या वर्गात उभं राहायचंय, फळ्यापुढं, तुम्ही राहायचात तिथं. कालपासून चार वेळा ठरवलं. दोनदा जायचं, दोनदा नाही जायचं. तुम्ही असतात तर फोन केला असता. पण तुम्ही असतात तर हे माझ्यावर आलंच नसतं.

तुम्ही गेल्याचं मला वर्गातल्या मैत्रिणीच्या स्टेटसवर कळलं. मी मासे धूत होते, हात ओले, कोपरानं मोबाईल सरकवला आणि तुमचा फोटो दिसला. गॅदरिंगचा फोटो, तुम्ही कुणाला तरी ओरडताय असं तोंड आहे त्यात. मला वाटलं वाढदिवस आहे. हार बघितलाच नाही हो मी. करंगळीनं एक हसरा चेहरा पाठवून दिला आणि परत बांगडे धुवायला बसले. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, अगं तुला काही कळलं नाही काय. मॅडम, तुम्ही गेलात आणि मी हसरा चेहरा पाठवला. नंतर तो काढून टाकला, पण तिनं बघितला होता. हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते कारण तुम्ही हसला असतात.

परवा तुमच्या बहिणीचा फोन आला, मालगुंडहून आल्या होत्या तुमची खोली रिकामी करायला. तुमच्या मोबाईलात माझं नाव सासरच्या गावासकट, 'सायली भाट्ये' असं सापडलं म्हणे. काल मी गेले. तिथं तुमच्या जागेवर आलेले नवे सर पण होते, कॉलेजची पुस्तकं न्यायला. अंगानं बारीक, सारखं घड्याळ बघतात, पण माणूस वाईट नाही. मधोमध तुमचे सात डबे. बिस्किटांचे, पत्र्याचे. बहीण बोलल्या, हे काय आहे गो सगळं, नुसते कागदाचे तुकडे, रद्दीवाला पण घेणार नाही. आणि त्यांनी गोणीचं तोंड उघडलं. मी बोलले, थांबा, त्या गोष्टी आहेत.

सर बोलले, कपाट एकच आहे ताई, त्यात गाईडं ठेवायचीत, पोरांना परीक्षेला तीच लागतात. मग डब्यांकडं बघून बोलले, पण हे चालतं कसं ते कुणी एकदा दाखवलं तर मी ठेवून घेईन. तुम्हाला येतं ना? बहिणीचा हात गोणीतच होता. मी हो बोलले, आणि सोमवारचा अकराचा तास ठरला. का बोलले मला माहीत नाही. बारावी पास, एसवाय अर्धवट, आणि मी सरांना हो बोलले.

तुमचे डबे मला येतात हे खरं आहे. डब्यात पाकिटं, प्रत्येक पाकिटात एक गोष्ट, इंग्रजीतली, पण आपल्या इकडची, तुम्ही स्वतः लिहिलेली. पुस्तकातल्या धड्यात बर्फ पडतो आणि माझी पोरं त्या बर्फातच अडकतात, असं तुम्ही बोलायचात, म्हणून तुमच्या गोष्टीत एसटी, होडी, मासळीबाजार. एका पट्टीवर गोष्टीतली एकच ओळ. आणि पट्ट्या लग्नाच्या पत्रिका कापून केलेल्या, मागच्या कोऱ्या बाजूला तुमचं अक्षर. पत्रिकेचा कागद जाड असतो, शंभर हातांतून गेला तरी फाटत नाही. सगळं कॉलेज तुम्हाला उरलेल्या पत्रिका आणून द्यायचं. दुसरे एक सर स्टाफरूममध्ये तुमच्या वर्गाला बालवाडी बोलायचे, आणि तुम्ही त्यांच्याच मुलाच्या पत्रिका मागून घेतल्यात.

आता ते सांगते जे तुमच्यापुढं कधी तोंडातून निघालं नाही.

मी एफवायला होते. मराठी शाळेतून आलेली, बारावीला इंग्रजीत पस्तीस, ते पण ढकललेले. तुम्ही टोपलीची गोष्ट आणलीत. पावसहून सुटलेली एसटी, गर्दी, एक म्हातारी मांडीवर टोपली घेऊन बसलीय आणि टोपलीवर रुमाल बांधलाय. सगळे तर्क करतात आत काय असेल. टोपली जरा हलते. एक जण बोलतो कोंबडा आहे, एक जण बोलतो चोरीचं काहीतरी आहे. शेवटी कंडक्टर येतो आणि बोलतो, उघड बघू. मग म्हातारी काहीतरी करते. मग सगळी गाडी गप्प होते, आणि कंडक्टर तिला स्वतःची जागा देतो. पंधरा पट्ट्या. डबा वर्गात फिरवायचा, ज्याला हवी त्यानं घ्यायची, पुढं येऊन मोठ्यानं वाचायची, आणि बाकीच्यांनी ऐकून त्या पंधरा जणांना ओळीत उभं करायचं. सांगणं मराठीत चालेल, वाचणं मात्र इंग्रजीत.

डबा आमच्या बाकावर आला तेव्हा तुम्ही फळ्याकडं तोंड करून होतात. आणि हळदीकुंकवाला तिळगुळाचा डबा पुढं आला की हात आपोआप जातो ना, तसा माझा हात गेला. पट्टी बोटात आल्यावर कळलं मी काय केलंय ते. अक्षरं वाचता येत होती हो मला. पण साठ जणांत ती माझ्या तोंडातून कशी बाहेर पडतील, कुठं अडकेन, मुलगे हसतील, ते कळत नव्हतं. मी पट्टी वहीखाली सारली. वरून हात ठेवला.

पुढं चौदाच जण गेले. तुम्ही मोजलेत. परत मोजलेत. बाकाखाली वाकून बघितलंत, तेव्हा तुमचे गुडघे दुखायचे, तरी वाकलात. बोललात, कुणाकडे राहिलीय का रे? मी वहीवरचा हात काढला नाही. मग तुम्ही उठून हात झटकलेत आणि बोललात, माझ्याच हातून हरवली असणार. मग आता तुम्हीच सांगा, कंडक्टर उघड बोलल्यावर काय झालं असेल?

आणि वर्ग जो काय पेटला. कुणी बोललं तिनं उघडली आणि आत तान्हं पोर होतं. कुणी बोललं तांदूळ, मुलीच्या डोहाळजेवणाचा. दोन महिने तोंड न उघडलेला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला की त्यात तिच्या नवऱ्याच्या अस्थी होत्या, आणि वर्ग खरंच गप्प झाला. तास संपला तरी कुणी उठेना. सगळे विचारत होते, मॅडम, खरं काय होतं? तुम्ही लिहिलेली गोष्ट, तुम्हाला माहीत असणारच. तुम्ही नुसत्या हसलात. पुढच्या वर्षापासून तुम्ही ती जागा मुद्दामच रिकामी ठेवायला लागलात. सगळ्या कॉलेजात तीच गोष्ट गाजली. माझ्या भीतीतून निघालेली, आणि नाव तुमच्या विसरभोळेपणाचं झालं. लोक कौतुकानं तुम्हाला बोलायचे, मॅडमनी पट्टी हरवली आणि काय सुचलं बघा. मी ऐकायची आणि मान खाली घालायची.

पट्टी मी घरी नेली. वाचली. तिच्यावर असं होतं, शी सेड, नो. आय विल नॉट ओपन इट. एवढंच. ती बोलली, नाही, मी उघडणार नाही. टोपलीत काय होतं ते तुम्ही लिहिलंच नव्हतंत मॅडम. एवढ्या पोरांनी विचारलं, आणि उत्तर नाहीच हे दोघींनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. आता मला एकटीलाच.

एसवायला दिवाळीनंतर माझं स्थळ आलं. मुलगा मुंबईला हॉटेलात कामाला, घर भाट्याला, त्यांना लगेच करायचं होतं. मला कुणी विचारलं नाही असं नाही. वडलांनी विचारलं, काय गो, चालेल ना? मी मान हलवली. मला पुढं शिकायचं होतं, निदान ते वर्ष तरी, आणि माझी मान आपोआप हलली, डब्यात हात गेला तशी. ती पट्टी तेव्हा इंग्रजीच्या वहीत होती. हे वाईट नाहीत मॅडम, तुम्ही भेटलात त्यांना, ओवीचे लाड करतात, पैसे वेळेवर पाठवतात. पण ते एक वाक्य मी कधी मोठ्यानं बोललेच नाही ते नाहीच. तुम्ही लग्नाला आलात, जेवलात, आणि जाताना बोललात, पत्रिका छान जाड आहे गो, उरलेल्या मला दे. सगळे हसले. मी पण हसले आणि आत जाऊन रडले.

ओवी झाल्यावर तुम्हीच मला परत बोलावलंत, नुसती येऊन बस, नाव नको घालू. दोनदा आले. दुसऱ्यांदा ओवीनं होडीच्या गोष्टीतली एक पट्टी चावून गिळली, आठवतं? मी घाबरून तिच्या तोंडात बोट घालते तर तुम्ही बोललात, राहू दे, वर्गात हिनेच गोष्ट पोटापर्यंत नेली. सगळा वर्ग हसला आणि मला पहिल्यांदा वाटलं की वर्ग हसला तरी माणूस मरत नाही.

आणि मग तो फोन. तुम्ही बोललात, परीक्षेचा फॉर्म भर, तारीख जवळ आलीय. मी बोलले, पोरीला कोण बघणार. तुम्ही बोललात, वर्गात आण. मी बोलले, सासूबाईंना चालणार नाही. तुम्ही बोललात, विचारलंस का त्यांना? मी ओवीच्या खोकल्याचं सांगायला लागले. मग तुम्ही बोललात, तू इंग्रजीला घाबरत नाहीस गो सायली, तुझा आवाज कुणाला ऐकू जाईल त्याला घाबरतेस. आणि ते इतकं खरं होतं की मला राग आला. मी बोलले, तुमचं बरं आहे मॅडम, तुम्हाला घरी जाब विचारणारं आहे कोण.

मी फोन ठेवला. लग्न न केलेल्या बाईला, घरी एकटीनं जेवणाऱ्या बाईला मी असं बोलले. दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला, ओवीचा खोकला कसा आहे? बस. मी तो वाचला. उत्तर दिलं नाही. लाजेनं नाही दिलं, पण तुम्हाला वाटलं असेल तोऱ्यानं नाही दिलं. आठ दिवसांनी तो स्टेटस.

काल डबे घरी आणल्यावर सासूबाई बोलल्या, त्या पट्ट्यांवर काय भाकऱ्या भाजणार हायस? टोपलीचं पाकीट शोधलं. जुन्या पट्ट्या नाहीत त्यात, नव्या आहेत. जांभळा कागद, सोनेरी काठ. एक उलटी केली तर मागं यांचं अर्धं नाव. मॅडम, तुम्ही टोपलीची गोष्ट माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर लिहिलीत. चौदा पट्ट्या लिहिलेल्या. पंधरावी कोरी. कोरी पट्टी उलटी केली तर मागं सोनेरी अक्षरात चि. सौ. कां. सायली.

हे काय आहे? पत्रिका कापली की माझं नाव कुठल्या तरी पट्टीमागं येणारच, ते मला कळतं. तुम्ही पट्ट्या भराभर कापायचात, टीव्हीवर बातम्या बघत. पण कोरी तीच का ठेवलीत? त्या दिवशी फळ्याकडं तोंड होतं तरी तुम्हाला दिसलं होतं? दिसलं होतं तर पाच वर्षं गप्प का राहिलात? आणि दिसलं नव्हतं तर ते कळायच्या आधीच तुम्ही गेलात, मग मी माफी कुणाची मागू? कालपासून हेच डोक्यात फिरतंय. भात करपला त्यामुळे. उत्तर मिळणार नाही ते माहीत आहे आणि तरी मी पाकीट परत परत उघडते, जसं काही आत अजून एक पट्टी असेल.

ओवी उठली.

*

सोमवार आहे. दुपारची चार. ओवी खाली अंगणात आहे, सासूबाई आहेत तिच्याजवळ. मी जाऊन आले, मॅडम.

सकाळी दहा वाजेपर्यंत मी जाणार नव्हते. साडी नेसून मग सोडून परत ड्रेस घातला, डबे दारात नेऊन ठेवले, परत आत आणले. ओवी पायाला मिठी मारून रडत होती. सासूबाई नारळाच्या बागेत कामाला जायच्या होत्या, त्यांनी सगळं बघितलं, बघितलं, आणि डोक्यावरचा फडका सोडला. बोलल्या, चल, मी येतंय. पोरीस मी धरीन. मी बोलले, आई, तुमचा खाडा होईल. त्या बोलल्या, होऊंदे. तुम्ही विचारलं होतंत ना, विचारलंस का त्यांना? नव्हतं विचारलं मी, कधीच.

पुलावरून रिक्षानं गेलो तिघी, मांडीवर डबे, ओवी झाकण वाजवत. वर्गात शेवटच्या बाकावर सासूबाई बसल्या, पायातल्या चपला बाहेर काढून, देवळात बसतात तशा. मुलं बघायला लागली. सर दाराजवळ उभे. मी नाव सांगितलं, ते पण पहिल्या बाकापुरतं. मग काही न बोलता डबा फिरवला, कारण तुम्ही पण आधी काही सांगायचा नाहीत.

खेळ चालला, मॅडम. अगदी तसाच. आधी लाजली, मग एकमेकांना ढकलायला लागली, तू कंडक्टरच्या आधी, नाही तू मागं, मेल्या नीट वाच ना. चौदा जण भिंतीला ओळीत उभे राहिले. आणि मी बघितलं, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा हात वहीवर होता. पालथा, पाची बोटं पसरून, घट्ट.

मला तो हात ओळखू आला. मी तिच्याजवळ गेले, हळू बोलले, तुझी कोरी आहे ना? तिनं मान हलवली, डोळे भरलेले. बोलली, ताई, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मी बोलले, तुझं नाही.

तेवढ्यात ओळीतला एक मुलगा ओरडला की मधे जागा राहतेय, कंडक्टर बोलल्यावर एकदम गप्पच कसे झाले. मग तर्क सुरू झाले. काजू, पिल्लं, दारू, कोर्टाचे कागद. सगळं होऊ दिलं मी. शेवटी सरच बोलले, घड्याळ न बघता, पण मूळ ओळ काय होती ताई? आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला.

मी पर्समधून पट्टी काढली. पाच वर्षांची, कडा मऊ पडलेल्या. ओळीतल्या त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिले आणि बोलले, ही पट्टी मॅडमनी हरवली नव्हती. मी लपवली होती. मला वाचायची भीती वाटली. मग वाचलं. सर बोलले, मागं ऐकू आलं नाही. खरंच नव्हतं आलं, मलाच नव्हतं आलं.

परत वाचलं. शी सेड, नो. आय विल नॉट ओपन इट.

या वेळी आवाज भिंतीला लागून परत आला. ओवीनं मागून नो, नो करून बाकावर हात आपटले. मग भिंतीजवळचा एक जण बोलला, म्हणजे टोपलीत काय होतं ते कळलंच नाही. मी बोलले, नाही कळलं. कळणार पण नाही.

सरांनी गाईडं टेबलावर काढून ठेवली आणि कपाटात सातही डबे लावले. मी जुनी पट्टी पाकिटात टाकली नाही. कोरी पट्टी परत टाकली, तिथं दरवर्षी कुणीतरी घाबरायला हवं. जुनी त्या मुलीला दिली. ती बोलली, ताई, मी काय करू हिचं? मी बोलले, ठेव वहीत, वाचावीशी वाटली की वाच, कुणाला तरी ऐकू जाईल अशी. सरांना फॉर्मचं विचारलं. तारीख गेलीय, लेट फी भरून अजून चार दिवस आहेत. हे मी आधी सासूबाईंना बोलले, मग यांना फोन केला. हे बोलले, बघू. मी बोलले, बघू नाही, भरतेय.

तुमची माफी कशी मागायची ते मला अजून नाही जमत. ते घरी जाब विचारणारं कोण आहे, ते परत घेते, पण बोललेलं परत येत नाही ते माहीत आहे. वर्गात जे बोलले ते तुमच्यासाठीच बोलले, एवढं धरा.

येताना पुलावर सासूबाई ओवीला खाडी दाखवत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मुलं मराठीत भांडली त्यावरून गोष्ट त्यांना सगळी समजली होती. मधेच बोलल्या, त्या म्हातारीनं टोपली उघडलीन नाय ना? मी बोलले, नाय. त्या बोलल्या, बरं केलान.

मॅडम, ओवीचा खोकला कधीच गेला. बरी आहे ती.